ओठांना बसेल असं

प्रभात रोडच्या एका गल्लीत, तळघरात,
आठ बाय सहाच्या खोलीत
मी अतिमानवी आहे.
मी किंकाळी फोडते
आणि पडद्यावर अख्ख्या शहराच्या काचा फुटतात.
वर फुटपाथवर इस्त्रीवाला कोळसे फुलवत असतो.
त्याला काही ऐकू जात नाही.

मालिका परदेशी. पाच भावंडं,
एका बाईने बंदरावरून वेचून आणलेली.
प्रत्येकाकडे एकेक शक्ती,
आणि कुणाचं कुणाशी पटत नाही.
जग बुडायला आलं की जमतात,
जग वाचवतात,
आणि जेवायला न थांबता निघून जातात.

माझं काम एवढंच, बहिणीची वाक्यं मराठीत,
ओठांना बसतील अशी.
'माफ कर' बसत नाही.
'म'ला ओठ मिटावे लागतात, तिचे उघडेच राहतात.
मग 'चुकलंच' ठेवलं.

आम्हीही तिघं वेचून आणलेले.
बाबा शिमला ऑफिसात,
रोज सकाळी पारा बघून वहीत आकडा लिहिणारे.
जो ज्या ऋतूत घरी आला, तेच त्याचं नाव.
हेमंत. शिशिर. मी ग्रीष्मा.
'मधला वसंत राहिला हो तुमचा,'
समोरच्या केतकरबाई म्हणायच्या,
'म्हणून तर पटत नाही पोरांचं.'

हेमंतला नाहीसं होता यायचं.
पाहुण्यांनी 'रक्ताचं' हा शब्द काढला
की तो पडद्यामागे.
आता ॲडलेडला असतो, म्हणजे तेच.
शिशिरला कान होते.
कुलपात किल्ली फिरली की सांगायचा,
बाबांचं आज साहेबाशी वाजलंय.
कुकरच्या शिट्टीवरून सांगायचा,
डाळ अजून कच्ची आहे.
मला आवाज काढता यायचे.
दूधवाला. केतकरबाई. सातच्या बातम्या.
आणि आई.

आई गेली त्या वर्षी शिशिर झोपेना.
मी अंधारात तिच्या आवाजात म्हटलं,
'कूस बदल रे.'
झोपला.
त्याला कळलं होतं. त्याचेच कान ते.
तरी पुढे महिनाभर
तो माझ्या बोलण्याची वाट बघत जागा राहायचा.

हे सगळं मालिकेत शोभलं असतं.
पुढचं नाही शोभणार.

बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी,
कर्वेनगरच्या फ्लॅटचे कागद टेबलावर,
आणि मी भांडणात हरत होते.
तेव्हा मी तो आवाज काढला.
'शिशिर, पुरे.'

त्याने सही केली.
चपला पायात न घालता
हातात घेऊन जिना उतरला.

नऊ वर्षं.

परवा सहावा भाग लागला.
त्यात भाऊ दारातून निघालाय
आणि बहीण फक्त म्हणते, 'थांब.'
तो शब्द मी अकरा वेळा म्हटला होता.
काचेपलीकडून पराडकर म्हणाला होता,
'ताई, जरा खालून घ्या. पोटातून.'
खालून घेतला,
आणि जो आला तो माझा नव्हता.
पराडकर म्हणाला, 'हाच ठेवू.'

रात्री साडेनऊला फोन. नंबर अनोळखी.
'पोरगी बघते ती मालिका,' पलीकडून आवाज,
हडपसरचा, जाडा झालेला.
'सहाव्या भागात तू आईचा आवाज वापरलास.'

हो, म्हटलं.
कुठल्या आवाजात म्हटलं, देव जाणे.
घशाशी चार-पाच जणी उभ्या होत्या,
कुणीच पुढे होईना.

मग त्याच्या स्वयंपाकघरात कुकर वाजला.
थोड्या वेळाने पुन्हा.

'दोनच झाल्यात,' तो म्हणाला,
'कच्ची आहे अजून.
तिसरी होईपर्यंत बोल.'