एकवीस खोकी

देगू, रात्रीचे दोन. लिलावाला अजून अवकाश.
ग्योंग-ही हातमोजे चढवते,
एकवीस खोक्यांतलं एक उघडते.
पेरिलाची पानं, दहा-दहाच्या जुड्या,
देठाला देठ लावून.
बांधणाऱ्या हाताला घाई नव्हती.

यंत्र तासभर गुरगुरतं.
मग कागदावर एक आकडा,
दशांशानंतर दोन शून्यं,
तरी मर्यादेबाहेर.

मालसुन टेम्पोच्या चाकापाशी उकिडवी.
"मी औषध मारलंच नाही.
पलीकडे सफरचंदाची बाग आहे,
वारा तिकडूनच येतो."

अर्जात वाऱ्यासाठी रकाना नाही.
ग्योंग-ही शिक्का मारते:
उरलेली वीस नष्ट करावीत.

म्हातारी सही करते, अक्षर अक्षर जुळवत,
आणि पेन परत देता देता विचारते,
"मग दुपारी मी भाताबरोबर खाल्ली, ती?"