ब्याऐंशी अंश

नुऐमियाच्या सिग्नलला काटा पहिल्यांदा चढला,
मागच्या सीटवर इरा, मांडीवर थर्मोकोलची सूर्यमाला.
सप्टेंबर आहे, पण अजमानला कुणी कळवलेलं नाही.

हेरंब समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर,
अठ्ठावीस दिवसांतले एकोणीस उरलेत,
रात्री नऊला त्याला रेंज मिळते, अकरा मिनिटं.
मागे एकदा म्हणाला होता,
असं झालंच तर हीटर लाव. फुल्ल.
चाळीस डिग्रीत?
चाळीस डिग्रीत. इंजिनाचा ताप थोडा तुम्ही घ्या.

तर आम्ही दोघी, चारी काचा खाली,
हीटर भणभणतोय, शनीची कडी सुटून
इराच्या घामेजल्या कोपराला चिकटलेली.
शेजारच्या पिकअपमधला पठाण
सिग्नल हिरवा झाला तरी बघतच राहिला.
काटा मात्र उतरला. दोन रेघा.

रात्री दहा. इमारतीमागची वाळू.
वॉचमन शफीकुलने बॅटरी धरली.
गार झाल्याशिवाय टोपण उघडायचं नाही,
हे मला शिकवू नका,
वीस वर्षं कुकर उतरवतेय.
पाणी काठोकाठ, हिरवंगार, खसच्या सरबतासारखं.
रबर चिरलेलं नाही. खाली वाळूवर ओल नाही.
ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवलं,
साय धरलेली नव्हती.
म्हणजे हेड गॅस्केट शाबूत,
म्हणजे दोन महिन्यांचं भाडं वाचलं,
हे मी मोठ्याने म्हटलं असणार, कारण शफीकुल
आलहम्दुलिल्लाह म्हणाला.

मग गाडी सुरू करून उभी ठेवली.
एसी लावला, पंखा फिरला. पंख्याचा दोष नाही.
काटा चढू दिला, बेताने, अर्ध्याच्या जरा वर.
गाडी बंद केली. पंखा थांबला. मग हात घातला.
वरचा पाईप: चटका.
खालचा: गार,
फ्रीजमधून काढून ओट्यावर विसरलेल्या काकडीसारखा.
पुन्हा लावला. वरचा. खालचा. पुन्हा.
तापलेलं पाणी दारापर्यंत येऊन उभं होतं
आणि दार काही उघडत नव्हतं.

सनय्यातला दुकानदार म्हणाला, काढून फेका,
थर्मोस्टॅट थंड देशांचं नखरं, इथं कोण लावतं?
मी म्हटलं, द्या. पस्तीस दिरहम.

शुक्रवारी पहाटे, खाली बादली, दहाचा पाना.
तीन बोल्ट. तिसरा रडला.
हातात आलं ते केवढं, तर कुंकवाच्या करंड्याएवढं,
पितळी, मध्ये स्प्रिंग,
कडेला बारीक अक्षरात कोरलेलं: ८२.
इतक्या अंशांवर उघडेन, त्याआधी नाही.
माणसांवर असा आकडा कोरलेला असता तर बरं,
असं काहीसं मनात आलं,
तेवढ्यात बादली कलंडली.

चहाच्या भांड्यात पाणी, पाण्यात दोन्ही,
जुनं आणि नवं, दोऱ्याने टांगून.
दह्याच्या दुधासाठी आणलेला थर्मामीटर इराच्या हातात.
साठ. अडुसष्ट. पंचाहत्तर.
ती आकडे ओरडतेय, मी गॅस बारीक करतेय.
ऐंशी.
त्र्याऐंशीला नवं हललं,
हळूच, एका बाजूने, आणि मग सगळं.
जांभई देतंय, आई!
जुनं, उकळ्या फुटल्या तरी, तोंड मिटून.

नऊ वाजता फोन.
गाडीचं काय झालं, म्हणाला, आणि मी सांगायच्या आत
सुरू झाला: आधी टोपण बघ, मग पंखा,
मग दोन्ही पाईपना हात लाव, जपून.
मी हं म्हणत होते.
सातव्या मिनिटाला म्हणाला, थर्मोस्टॅट असेल
तर मी आल्यावर बघू.
बदललं, म्हटलं. उकळून बघून बदललं.

पलीकडे नुसता वारा.
लोखंडावर काहीतरी आपटत होतं.

कशात उकळलंस?
चहाच्या भांड्यात.

मग हसला. या खेपेला पहिल्यांदाच,
पोटातून, थांबेचना,
कुणाला तरी मागे वळून सांगू लागला, अगं ऐक, नाही, अरे ऐक,
आणि रेंज गेली.