बारीक अक्षर

डॉक्टरीणबाई विचारतात, विहिरीचं पाणी प्यायचात?
शेतात फवारणी? काम कसलं होतं?
हरेश्वर म्हणतो, ड्रायक्लीनिंग.
भांडुप स्टेशनासमोर, एकतीस वर्षं.
त्या द्रावणाला गोडसर वास यायचा,
लोकांच्या लग्नांतले डाग त्यात विरघळायचे.
त्या लिहून घेतात. यामुळेच, असं म्हणत नाहीत.

मला आठवतं, दूध करपलं तेव्हा
तो शेगडीशेजारीच पेपर वाचत बसलेला.
आणि बाजाराची यादी : मेथी, जवळा, वाटाणे,
अक्षर दर आठवड्याला बारीक.
मी म्हणायचे, कागद महाग झालाय का रे?

आता गोळीनंतर तासभर मासळी नाही.
तो घड्याळ बघतो,
तव्यावरचे बोंबील बघतो,
वास कसा येतोय,
सांग ना.