खिडकी क्रमांक तीन

ताइनानमध्ये लाल म्हणजे चढ, हिरवं म्हणजे उतार.
आधीच सांगून ठेवतो,
नाहीतर आमच्या फळ्याकडे बघून उगाच हरखाल.

सव्वीस वर्षं मी या खिडकीत.
समोर खुर्च्यांच्या सहा रांगा, निवृत्त माणसं,
फुकटचा गारवा, घरून आणलेले डबे,
आणि दीड वाजता बाजार मिटला
की एकदम ऐकू येणारा पंखा.

ल्याओ मावशी पहिल्यांदा आली
तेव्हा तिच्या हातांना मासा आणि आल्याचा वास होता.
पहाटे तीनपासून माशाची पेज विकून
नऊच्या ठोक्याला छत्री टेकवून उभी.
"सुरू करायला किती लागतात?"
म्हटलं, हजारांचा गठ्ठा असतो,
पण सुटा एकही मिळतो.
"म्हणजे अर्धी वाटी मागतात माझ्याकडं, तसा?"
तसाच.

लोक इथे हळू विचारतात,
औषधाच्या दुकानात विचारावं तसं,
मागच्याला ऐकू जाणार नाही असं बघून.
तिला हाका मारायची सवय, गाडीवरची.
"मी घेते तेव्हा विकतं कोण?"
असतं कुणीतरी.
"चांगला असेल तर तो का विकतोय?
आणि वाईट असेल तर मी का घेऊ?"
दुसऱ्या रांगेतला म्हातारा
घास हातात धरून थांबला.
मला पुस्तिकेतलं उत्तर पाठ आहे.
ते मी म्हटलं. तिनं ऐकलं,
कच्चा मासा दाबून बघावा तशी मान तिरकी करून,
आणि बाजूला ठेवलं.

मग बोट दाखवलं: पाकिटातल्या शेवयांची कंपनी.
"हिच्यापायी माझं गिऱ्हाईक जातं.
हिचा एक द्या."

(दरवर्षी परीक्षा पास होऊन येणारी पोरं
यापेक्षा बरं कारण देत नाहीत.
मी स्वतः? माझा आजवर एकही नाही.
हलवायानं लाडू खाऊ नये म्हणतात.
खरं कारण भीती.)

जूनमध्ये भागधारकांना भेट मिळाली,
स्टीलची वाटी, तळाशी कंपनीचं चिन्ह.
ती वाटी घेऊन खिडकीवर आली, वाजवून दाखवली.
"एका शेअरवर वाटी! यांचं भागतं कसं?"
तेव्हापासून महिन्याला दोन, कधी तीन.
पावसाळी वादळात गाडी लागली नाही त्या महिन्यात एकही नाही.

एकदा फळा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला,
लावणीनंतरच्या खाचरासारखा.
डबे उघडलेच नाहीत त्या दिवशी.
"कारखाना जळला का?"
नाही.
"लोकांनी शेवया सोडल्या?"
नाही.
"मग माझे पैसे गेले कुठं?"
म्हटलं, मावशी, ते पैसे नव्हतेच, ती किंमत होती.
"काल तर पैसे म्हणालात."
काल म्हणालो होतो.
"विकू का?"
या एका प्रश्नाचं उत्तर द्यायची मला मनाई आहे,
आणि सव्वीस वर्षांत
कुठल्याही नियमाचा मी इतका ऋणी नाही.
ती बसली. दीडपर्यंत बसली.
उठताना म्हणाली, "उद्या पेज लावायचीच आहे."

चार वर्षांनी ती विकायला आली.
कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
खिडकीवर प्रश्न एकाच बाजूनं येतात.
शेजारच्या खिडकीत एक पोरगा, काखेत हेल्मेट,
खाण्याचे डबे पोहोचवणाऱ्यांचा निळा शर्ट,
हळूच विचारत होता,
"मी घेतो तेव्हा विकतं कोण?"

"मी," ती म्हणाली,
सही करता करता, मान वर न करता.

पोरगा हसला. त्याला थट्टा वाटली.
मी कागद उलटून आकडा तपासला:
एकशे तेरापैकी एकशे बारा.
मावशी, एक राहिला.
"असू दे," ती छत्री उचलत म्हणाली,
"जूनला वाटी येते."