अडवायला

पहिल्यांदा मध्ये काहीच न घालता
दोन सळयांत जाळ उभा केला, तेव्हा
साखर पेठेतल्या आमच्या बोळाचा फ्यूज गेला.
शेजारचे येलगम यांचे चार माग
टॉवेलाच्या अर्ध्या किनारीवर थांबले.
ते बॅटरी घेऊन दारात आले, बोलले काहीच नाहीत,
उजेड मात्र माझ्या हातांवर धरून ठेवला
बराच वेळ.

म्हणून आज बंदेनवाजच्या भंगारात.
ट्यूबलाइटचे चोक पोत्यानं पडलेत, पण तो पोरखेळ.
स्टॅबिलायझरमधला हलका, वार्निशाला करपट वास.
आयटीआयच्या पोरांना पंधरा वर्षं हेच सांगते,
आधी नाक, मग मीटर.
मायक्रोवेव्हचा बरा होता,
पण कुणी तांब्यासाठी छिन्नी घातलेली.

"तांबं काढनार का मॅडम?"
"नाही. अडवायला हवाय."
"कुनाला ओ?"
"विजेला."
तो हसला, मग ताडपत्री उचलून म्हणाला,
"मग ह्यो बघा की."

वेल्डिंगचा जुना डबा, अडतीस किलो,
वर हँडल. फिरवलं की लोखंडाची जीभ
आत जाते, बाहेर येते, जराशी कुरकुरत.
हेच हवं होतं.
लोखंडसुद्धा पोट भरलं की अडवायचं विसरतं,
म्हणून कुठंतरी फट राखावी लागते,
पोस्टकार्डाएवढी का होईना.

शंभरचा बल्ब मालिकेत जोडून
त्याच्या चहाच्या शेगडीच्या प्लगवर लावला.
तार लाल होऊन तेवढीच राहिली,
म्हणजे गुंडाळी शाबूत.
त्यानं किल्लीनं इनॅमल खरवडलं,
खाली पांढरं. ॲल्युमिनियम.
त्याचा चेहरा उतरला आणि भावही,
मी चेहरा सरळ ठेवून पैसे मोजले.

रात्री येलगमना आधी सांगून आले,
ते म्हणाले, हा टॉवेल उतरू दे.
मग जाळ सळयांवरून चढत गेला,
वर तुटला, खाली पुन्हा धरला,
भिंतीपलीकडं खटाक खटाक चालूच.
हँडल अर्धी फेरी मागं घेतलं, तरीही चालूच.

थोड्या वेळानं ते स्वतःच आले.
जाळाकडं पाहिलंच नाही.
मोटारीवर ठेवतात तसा तळवा
थांबवलेल्या डब्यावर ठेवला,
तेलुगूत म्हणाले, कोमट आहे,
आणि मागावर परत गेले.