दोन मण्यांचा फरक

आचऱ्याच्या आरोग्य केंद्रात
फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात ऑक्सिटोसिनच्या कुप्या.
लाईट गेली की मी त्या बर्फाच्या डब्यात हलवते.
बाहेर रापणीचे लोक बांगड्यांवर बर्फ मारत असतात.
घाई दोन्हीकडे सारखीच.

ट्रेनिंगला सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं:
नऊ मणी. सहांचं कडं, तिनांची शेपटी.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ, तिथून सुटतं,
गर्भाशय मूठ वळतं, पान्हा फुटतो.
आणि माया, सर?
सर हसले. तो प्रश्न परीक्षेला नव्हता.

प्रणिता कोयंडेला मी स्वतः टोचलं,
मांडीत, दहा युनिट, मूल बाहेर आल्याबरोबर.
वार नीट पडली, रक्त थांबलं.
पहाटेचे सव्वाचार, खाडीला भरती.
आठव्या दिवशी तिची सासू दारात:
"पोराक बघणा नाय गो सिस्टर, भिंतीक बघीत रवता.
नजर लागली असात. दोनदा मीठ-मिरची उतरलंय."

कसं सांगू,
मी दिलेलं औषध गर्भाशयापर्यंत गेलं
आणि मेंदूच्या उंबऱ्याशी अडलं.
तिथं रक्तालासुद्धा सगळं आत नेता येत नाही.
घागरी ओतून विहीर भरत नाही, बाई.

भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर,
ऑगस्ट अजून उलटलेला नाही.
नवरा ट्रॉलरवर.
मी तिच्या शेजारी बसले, कॅलेंडरकडे बघत.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"माका काय वाटणाच नाय. वायट पण नाय."
होतं असं सगळ्यांना, हे मी म्हटलं नाही.
माझ्या मुलीच्या वेळी मी पंख्याची पाती मोजायचे.
तीनच असतात.
चाळीस दिवस मोजली.

ओरोसला बुधवारी मनाचे डॉक्टर बसतात.
चिठ्ठी लिहिली, रिक्षा ठरवली.
सासूला म्हटलं, मीठ-मिरची चालू दे,
पण रात्रीचं मूल तू घे. हिला झोपू दे.

गोळ्यांचा अकरावा दिवस.
मूल छातीशी, ओढत होतं.
"सिस्टर, पाणी."

फळ्यावर आणखी एक माळ होती त्या दिवशी,
अंगातलं पाणी राखणारी, तहानेबरोबर सुटणारी.
नऊच मणी, तसंच कडं, तशीच शेपटी,
फक्त दोन मणी वेगळे.
मूल ओढू लागलं की आईचा घसा सुकतो,
इतकं मला बाळंतिणींनी शिकवलंय.
पुढचं कुठे काय सुटतं, काय अडतं,
मला ठाऊक नाही. सरांनाही नसावं.

तिनं दोन तांबे पाणी प्यायलं, गटागटा.
थोडं मुलाच्या कपाळावर सांडलं.
अंगठ्यानं पुसलं तिनं,
भिंतीकडे बघतच.

मग मला आठवलं,
केंद्रात सकाळपासून लाईट नाही.
उठले.