मेव्हिसच्या डाव्या हाताला

मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे कोरणारा मी
हलमध्ये अँप्लिफायर उघडून बसलो,
त्याला पन्नास वर्षं होतील.
हेसल रोडवर दुकान. खाली मासळीचा वास, वर डाखाचा.

मेव्हिस स्टॅथर्स तेव्हा गोदीजवळच्या हॉलमध्ये गायची.
आवाज ओल्या दोरखंडासारखा:
खरखरीत, आणि वजन पेलणारा.
तिच्या डाव्या हाताला जे जे उभे राहिले
त्यांच्या गिटारी माझ्या बाकावर उताण्या पडून गेल्या.
म्हणून लोक अजून मलाच विचारतात,
सगळ्यांत चांगली साथ कुणाची?

पहिला नॉर्मन. ट्रॉलरवरून उतरलेला,
दोन बोटं बर्फाने कायमची बधिर.
तिचा शब्द पुरता संपायच्या आत हा शिरायचा,
पंगतीत पान मांडून होण्याआधीच
भात घालणाऱ्या वाढप्यासारखा.
ती डोळे वटारून वरच्या सुरात जायची,
हा आवाजाचं बटण आणखी फिरवायचा.
माझ्याकडे दर महिन्याला एक जळका स्पीकर.
त्या भांडणाच्या तीन रेकॉर्ड निघाल्या.
अजून लावतो कधी कधी.
राग शोभायचा तिला.

मग डेस्मंड फेअरवेदर, लीड्सचा.
दर कार्यक्रमाला नव्या तारा, नखं कापलेली,
त्याच्या गिटारीत धूळ मी कधी पाहिली नाही.
तो वाजवायचा तेव्हा मेव्हिस स्वच्छ दिसायची,
पुसलेल्या काचेमागे दिसावी तशी.
काच मात्र होतीच.
त्यांनी लग्न केलं, पुढे मोडलं;
दोन्ही दिवशी डेस्मंड दहा मिनिटं आधी हजर.

आयोना आली तेव्हा मेव्हिसची पन्नाशी उलटलेली,
वरचा सूर हातातून मासा निसटावा तसा निसटायचा.
ही पोरगी डंडीची, कमी बोलणारी.
एका सकाळी गिटार घेऊन आली:
‘मेरूच्या खाचा जरा रुंद कर, जाड तारा लावायच्यात.
काळी चारची गाणी काळी दोनवर नेतेय.
तिला सांगू नकोस.’
महिन्याभराने मेव्हिस मला म्हणाली,
या वर्षी हवा बरी आहे, गळा मोकळा लागतोय.
मी म्हटलं, हो, हवा बरी आहे.
तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवून
मिरजेत मालक जवारी काढायचे, ते आठवलं.
तार बोलायची. धागा कुणी पाहायचं नाही.

एवढी झाली तुलना.
पण एक राहतोच.
चौऱ्याऐंशी साली डेस्मंडला कावीळ झाली,
तेव्हा नऊ दिवसांसाठी एक पोरगा आणला होता.
ब्रिडलिंग्टनला दुसरं कडवं मेव्हिस साफ विसरली.
मिक्सरवर मी होतो, माझे तळवे ओले.
नॉर्मन असता तर त्याने ती जागा गिळली असती,
डेस्मंडने वेळेवर भरली असती.
या पोराने तारांवरून हात उचलला
आणि तिच्याकडे पाहत उभा राहिला.
नुसता. मागे ड्रमही थांबले.
समोरच्या दोनशे लोकांना वाटलं, गाण्यात असंच आहे.
त्या रिकाम्या जागेत ती आधी हसली,
मग शब्दांशिवायच गुणगुणायला लागली.
तसं ती पुन्हा कधी गायली नाही.
चाळीस पौंड घेऊन पोरगा शेवटच्या बसने गेला.
त्याची गिटार माझ्या बाकावर कधी आली नाही,
तेव्हा तिच्याबद्दल मी काय सांगणार.

गेल्या हिवाळ्यात विदर्नसीला मेव्हिसकडे गेलो.
खिडकीपलीकडे राखाडी समुद्र, टेबलावर तिच्या गोळ्या.
म्हटलं, आता तूच सांग एकदाचं. सगळ्यांत चांगला कोण?
ती खिडकीकडेच बघत राहिली.
मी पुन्हा विचारलं, मोठ्याने.
तेव्हा वळली. ‘डावीकडून विचारू नकोस रे,
तो कान त्यांनीच खाल्ला.’
आणि हे सांगताना तोरा असा,
जसा काही दागिनाच दाखवत होती.

मी खुर्ची उचलून पलीकडे नेईपर्यंत
तिने चहा ओतला होता,
आणि माझा प्रश्न बाजूला ठेवून विचारत होती,
ब्रिडलिंग्टनच्या त्या पोराचं नाव काय होतं.
टेरी?
मी म्हटलं, टेरी नव्हे.